दिवा कोणी धरला होता

तादेऊश गेल्याची बातमी मला वसंतरावांकडून कळावी, हे मला अजून पचलेले नाही. ईलिंगहून त्यांचा फोन आला. "डॉक्टर, आपला तादेऊश गेला हो. तुम्हाला माहीत असेलच म्हणा." मी ब्रिस्टलमध्ये तादेऊशच्या घरापासून दोन रस्ते सोडून राहतो, आणि बातमी येते लंडनहून... त्याच्या पत्नीने, हालिनाने, आधी मलाच फोन केला होता म्हणे, पण मी उचलला नाही. जन्मभर लोकांचे कान तपासलेल्या माणसाचे स्वतःचे श्रवणयंत्र खणात पडलेले असते, याला काय म्हणावे!

मग याच पुरवणीत वसंतरावांचा लेख आला. लेख ओघवता आहे, योग्य तिथे डोळे पाणावणारा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तादेऊशला काळ्या समुद्राकाठच्या ग्रीक वसाहतींचा अभ्यासक म्हणून निरोप दिला आणि आपल्या लेण्यांवरच्या त्याच्या कामाची अर्ध्या वाक्यात बोळवण केली, तेही मी सोसले. परकी माणसे आहेत, त्यांना काय सांगणार? वसंतरावांना मात्र उत्तर देणे भाग आहे.

तादेऊश जन्माने पोलिश. विद्यार्थी म्हणून इंग्लंडला आला आणि इथल्याच विद्यापीठात प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवता शिकवता म्हातारा झाला. माझ्याकडे आला तो कान दुखतो म्हणून. कपाळावर दिवा बांधून मी त्याच्या कानात पाहत होतो आणि हा गृहस्थ माझ्या कपाळाकडे. "हा दिवा काढून तिरका धरता येतो का?" एवढेच त्याने विचारले, आणि त्या शनिवारी मी दिव्यासकट त्याच्या जेवणाच्या टेबलाशी हजर होतो. पुढे दर शनिवारी जात राहिलो आणि दिवा तिथल्याच खुंटीवर राहिला. शिलालेखावर ओला कागद ब्रशने ठोकून बसवतात. तो वाळला की अक्षरे कागदावर उठून येतात. असा ठसा वाचायला खोलीत अंधार हवा आणि उजेड बाजूने, अगदी कलता यायला हवा. दिवा बोटभर हलला की रेघ दिसते, आणखी हलला की नाहीशी होते. तादेऊश वाचायचा, दिवा मी धरायचो, आणि त्याचे वाचन मला पटले नाही तर सरळ विझवून टाकायचो. "डॉक्टर, तुम्ही हुकूमशहा आहात," तो अंधारातून म्हणायचा. "माझं बालपण पोलंडमध्ये गेलंय, मला त्यातलं कळतं."

सह्याद्रीतल्या लेण्यांना दान देणाऱ्या काहींनी स्वतःची ओळख 'यवन', म्हणजे ग्रीक, अशी कोरून ठेवली आहे. ग्रीकांचा माग काढत तादेऊश तिथवर पोचला आणि त्या मुलखातल्या माणसांशी बोलता यावे म्हणून मराठी शिकला. वसंतराव लिहितात, ती तो त्यांच्या घरी पुरणपोळी खाता खाता शिकला. त्याला गोड आवडत नसे. राहता राहिली मराठी. तादेऊश मला 'अहो' म्हणायचा, कारण माझी पत्नी मला तशी हाक मारते. "अहो, दिवा जरा खाली घ्या!" असे तो ओरडला की हालिनापाशी आत बसलेली ही म्हणायची, "भाऊजी, तो हक्क माझा आहे हं!" वसंतरावांच्या सौभाग्यवती त्यांना नावाने हाक मारतात. मग हा 'अहो' त्याने ईलिंगला कुठून उचलला असेल, ते वसंतरावांनीच सांगावे.

आता मुख्य मुद्दा. तादेऊशचे नाव झाले ते एका झिजलेल्या अक्षरामुळे. लेण्यातल्या एका खांबावरचा यवन दाता कोणत्या गावचा, हे त्या एका अक्षरावर अडले होते. सगळे त्याला समुद्रापलीकडचा मानत. तादेऊशने अक्षर लावले, आणि तो लेण्याच्या पायथ्याजवळच्याच गावचा निघाला. रीतसर परवानगी काढून ठसे घ्यायला तादेऊश गेला, तेव्हा माझ्या पत्नीच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते. सोबत वसंतराव गेले. ते लिहितात, "खांबावर बोट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. दिवा माझ्या हातात होता. अक्षर तिथेच सापडलं." साफ चूक! अक्षर ब्रिस्टलला सापडले, शनिवारी, माझ्या दिव्यात. तादेऊश खुर्चीवरून ताडकन उठला होता. "पाहुणा नव्हता, डॉक्टर! गावकरी होता!" असे म्हणून त्याने माझे खांदे धरले. पन्नास वर्षे ब्रिस्टलमध्ये काढूनही 'मूळचे कुठले?' हा प्रश्न न चुकलेल्या माणसाचा तो आनंद होता. तो मी पाहिला आहे. वसंतरावांनी नाही.

याला साक्षीदार हालिना. हा लेख लिहिण्याआधी मी मुद्दाम तिच्याकडे गेलो आणि सरळ विचारले. तिने चहा ओतला, कप माझ्यापुढे सरकवला.

"त्यानं ते बोटानं वाचलं होतं, खांबावरच. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच मला सांगितलं."

"मग वसंतरावांना तिथेच का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, नाही, शनिवारी डॉक्टर येऊन दिवा धरतील. तोवर कोणाला बोलू नकोस."

म्हणजे वसंतराव त्याच्या शेजारी उभे होते आणि त्यांना काही कळले नाही, हे सिद्ध झाले. वाचकांनी नोंद घ्यावी. पण मग ते ताडकन उठणे, ते खांदे धरणे... मी तेही विचारले. हालिना म्हणाली, "नाटक नव्हतं ते. तुम्हाला दिसलं, तेव्हाच त्याला खरं वाटलं."

तिने तो ठसा आणून टेबलावर ठेवला आणि ती पडदे ओढायला गेली. मी डोळे मिटून त्या जागी बोट फिरवले. खरखरीत कागद, बाकी काही नाही. पुन्हा फिरवले. शेवटी खुंटीवरचा दिवा काढून कलता धरला, आणि अक्षर उठून आले, जसेच्या तसे. समोरच्या खुर्चीतून कोणी 'अहो' म्हटले नाही. मी उगाचच दिवा जरा खाली घेतला.

निघताना हालिना म्हणाली, "दिवा तुमचाच आहे, घरी घेऊन जा." मी नाही म्हटले. दिवा त्याच खुंटीवर आहे आणि शनिवारी मी जाणार आहे. वसंतरावांनी ठसा जरूर पाहायला यावे. दिवा मी धरीन.