सहा फूट तार

त्या तारवाल्याचं नाव मी विचारलं नाही. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून मी टेपरेकॉर्डर घेतला होता. त्याच्या मायक्रोफोनला तार हवी होती, म्हणून कलकत्त्यात सियालदह स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानात गेलो. त्याने चार तारा पुढ्यात टाकल्या. मला चारही सारख्याच दिसल्या. तो मात्र डोळे मिटून एकेक तार चिमटीतून हळूहळू ओढत होता.

"गाएगा कौन?" त्याने विचारलं.

"माँ."

"बैठके, ना काम करते-करते?"

तारेचा आणि याचा संबंध काय, मला कळेना. आई ओव्या म्हणायची ती स्वयंपाकघरात, ताक घुसळताना. अवजड यंत्र बैठकीत होतं, कारण प्लग तिथेच होता. मायक्रोफोन आतपर्यंत पोचावा म्हणून मी तीस फूट तार मागितली.

कात्री उघडून तो तसाच थांबला. "लंबा तार में घूं-घूं आएगा," तो म्हणाला. "छोटा में माँ नहीं आएगा. बोलिए, कौन सा काटेगा?"

मी पुरता गोंधळलो. छोट्या तारेत आई का येणार नाही? तिला बैठकीत आणून बसवलं की झालं. याला हिंदी धड येत नसावं, असं ठरवून मी सहा फूट घेतली. नुसती मान हलवून त्याने तार कापली.

आईला मी बैठकीत, मायक्रोफोनसमोर खुर्चीवर बसवलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. फीत अजून वाजते. आवाज लख्ख आहे, घूंघूं नावालाही नाही.

"काय म्हणू रे? काही आठवतच नाही बघ. जाऊ का मी आत?"