काकूंनी निवडलेले शब्द

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या माकुणसार गावात कोणाला सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. वडिलांना मात्र एकदा मोबाईल हातात देऊनच दाखवलं. "बाबा, आपण काही शोधलं की यादीत सगळ्यात वर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं येतं ना, ते मी लावते. कोणी त्यावर बोट ठेवलं की जाहिरात देणाऱ्याचे पैसे कापले जातात."

वडिलांचा सगळा जन्म वाडीत गेलेला. त्यांनी लगेच विचारलं, "आन् चुकून ठेवलं तर?"

"तरी कापले जातात."

"मंग चुकीच्या मानसाला बोट ठेवू द्यायचं नाय, ह्ये तुजं काम हाय."

मी ज्या कोर्समध्ये हे सगळं शिकले, तिथेही कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

पालघरच्या कॉलेजातून बीकॉम झाल्यावर मी तो कोर्स घरबसल्या केला आणि बोईसरजवळ सरावलीत खोली घेऊन लॅपटॉपवर काम सुरू केलं. दोन-चार दुकानांची किरकोळ कामं झाली. मग तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून, कुंभवलीच्या बाजूच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं. तिथे ॲसिड ओढणारे पंप बनतात. साधा लोखंडी पंप ॲसिड खाऊन टाकतं, म्हणून या पंपांना आतून रबराचा थर द्यावा लागतो. मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? हे जाहिरातीचं बंद कसं करायचं, ते विचारायला बोलावलंय. फोन इतके येतात की ऑफिसातल्या बाईंना डबा खायला वेळ नाही. आणि त्यातून ऑर्डर निघते एखादीच."

मी त्यांचं जाहिरातींचं खातं उघडलं. आधीच्या माणसाने एकच शब्द लावून ठेवला होता, 'पंप'. तोही असा मोकळा सोडलेला की कोणत्याही शोधात पंप आला की यांची जाहिरात दिसायची. लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं त्याची यादी काढली, तर जवळचा पेट्रोल पंप, पेट्रोल पंपावर नोकरी, सायकलचा पंप, माशांच्या टाकीचा पंप! प्रत्येक शब्दाला शोधयंत्राकडून मार्क मिळतात. शोधणाऱ्याला जे हवं, तेच जाहिरात आणि तिच्यामागचं पान देतं का, त्याचे ते मार्क. कमी पडले की जाहिरात खाली दिसते आणि क्लिक महाग पडतो. 'पंप'ला दहापैकी तीन होते.

"एक महिना द्या," मी म्हणाले. शेठनी नाइलाजाने मान हलवली आणि ऑफिसातल्याच टेबलाचा अर्धा भाग मला दिला.

टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर फोन होता, आणि फोनमागे ऑफिसातल्या त्या बाई, सगळ्यांच्या काकू. कुंभवलीच्याच. दहावी झालेल्या, वर्कशॉप सुरू झाल्यापासून फोन त्याच उचलत. मी आले तेव्हा त्या कोणाला तरी समजावत होत्या, "भाऊ, हवा भरायचा पंप नाय, आमी ॲसिडचा बनवतो."

पहिल्याच दिवशी मी नको असलेले शब्द अडवले. पेट्रोल, नोकरी, सायकल, मासे. घरातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून मागणारेही फार होते, म्हणून 'रिपेअर'ही अडवून टाकला. फोन एकदम शांत झाला. मी खूश! चार दिवस काकूंना डबा निवांत खाता आला. पाचव्या दिवशी त्या माझ्याकडे वळल्या.

"पोरी, फोन येत नाय."

"चुकीचे थांबले, काकू."

"ते बरं झालं. पन बरोबरचेबी थांबले की. हप्त्याला एकदोन कंपनीवाले तरी इचारतात."

"काय विचारतात?"

"पंप गळतो, रिपेर करता काय, असं. नवा पंप पायजे, असं पयल्यांदा कोन म्हनतं? आधी रिपेरच इचारतात. मंग आपला मिस्त्री जाऊन बघतो, आन् नवाच घ्यायला लागतो."

शेठना येणारं सगळं खरं काम ज्या दारातून येत होतं, तेच दार मी बंद केलं होतं, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. 'रिपेअर' तिथल्या तिथे मोकळा केला. त्याऐवजी घरगुती, बोअरवेल, पाण्याची टाकी हे शब्द अडवले. मग शेठच्या केबिनमध्ये जाऊन झालेली चूक सांगितली. काकू दारातून म्हणाल्या, "शेठ, शिकलेली पोर चूक कबूल करते, ह्ये काय कमी हाय?"

त्या दिवसापासून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि वही घेऊन काकूंच्या शेजारी बसले. फोन आला की त्या स्पीकर लावत, मी समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घेई. बहुतेक हिंदीत बोलत. 'ॲसिड टपक रहा है.' 'सील चला गया', म्हणजे गळती अडवणारी कडी झिजली. 'पंप प्रेशर नहीं दे रहा.' सेंट्रिफ्युगल हा पंपाच्या प्रकाराचा शब्द, जो वर्कशॉपच्या प्रत्येक कागदावर ठळक छापलेला होता, तो दोन आठवड्यांत एकानेही उच्चारला नाही. शंका आली की मी मिस्त्रींना गाठत असे. ते काम न थांबवता सांगत, "मैडम, जो टपकता है वो सील है. जो दबाव नहीं देता, उसका रबर गया."

मग 'पंप' हा एकटा शब्द काढून टाकला. त्याच्या जागी लहान लहान जुडगे केले. गळतीचे शब्द एकीकडे, रबर गेल्याचे दुसरीकडे, ॲसिडच्या नावांचे तिसरीकडे. प्रत्येक जुडग्याची जाहिरात वेगळी आणि तिच्यावर बोट ठेवल्यावर उघडणारं पानही वेगळं. गळतीच्या पानावर मिस्त्रींचं बोट गळणाऱ्या सीलकडे दाखवतंय असा फोटो लावला आणि खाली मिस्त्री जसं समजावतात तसंच लिहिलं. मार्क तिनाचे पाच झाले, पाचाचे सात. मी काकूंना दाखवले.

"सातच?" त्या म्हणाल्या. "दाखव बघू पान."

पान उघडलं. मिस्त्रींच्या फोटोच्याही वर उद्घाटनाच्या दिवशी गळ्यात हार घातलेले शेठ, आणि फोन नंबर पार तळाला. "ज्याचा पंप गळतोय, त्यानं शेठचा हार कशाला बघायचा?" काकू म्हणाल्या.

शेठ मागेच उभे होते. क्षणभर मला वाटलं, आता संपलं. पण ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "काढा तो हार." नंबर वर आला, हाराचा फोटो गेला. पुढच्या आठवड्यात आठ मार्क दिसले. काकूंनी ते मिस्त्रींना बोलावून दाखवले.

महिना संपत आला होता. एका दुपारी गुजरातच्या हद्दीजवळच्या एका कारखान्यातून फोन आला. माणूस घाबरलेला, एका दमात बोलत होता. पंप गळतोय, काम थांबलंय, तीन ठिकाणी विचारून झालं. काकूंनी त्याला शांतपणे विचारलं, कोणतं ॲसिड, किती गरम, कुठून टपकतं, कधीपासून. बोलावून घेतलेल्या मिस्त्रींनी ते स्पीकरवर ऐकत ऐकतच सील निवडलं आणि टेम्पोत बसले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "चालू हो गया." काही दिवसांनी त्याच कारखान्याने दोन नवे पंप मागवले.

शेठनी विचारलं, "त्याने शोधलं काय होतं?" मी यादी काढली. 'ॲसिड पंप सील लीकेज अर्जंट.' तो 'अर्जंट' आमच्या जाहिरातीच्या शब्दांत काकूंच्या सुचवण्यावरून घातला होता. फोनवर माणूस तो शब्द हमखास बोलतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. काकूंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि पदर सावरत म्हणाल्या, "माजा शब्द." मी आजवर कितीतरी खात्यांचे मार्क वाढवले, पण तेव्हा झाला तसा आनंद पुन्हा क्वचितच झाला.

जाहिरात बंद झाली नाही. दर आठवड्याला यादी तपासायची कोणी, असा प्रश्न आला तेव्हा मी काकूंचं नाव सुचवलं. त्या नको नको म्हणाल्या, पण दोन महिन्यांत माऊस सफाईने फिरवू लागल्या. मी जे शब्द सोडून देई, तेही त्यांच्या नजरेतून सुटत नसत. "ह्यो इचारनारा इद्यार्थी हाय, गिऱ्हाईक नाय," त्या म्हणायच्या, आणि ते बरोबर असायचं. शेठनी त्यांच्यासाठी वेगळा कॉम्प्युटर घेतला आणि पगार वाढवला.

गेल्या वर्षी वसाहतीतल्या लहान कारखानदारांची बोईसरला बैठक होती. शेठनी मला बोलायला सांगितलं. मी काकूंना सोबत नेलं आणि थोडं बोलून माईक त्यांच्याकडे दिला. त्यांनी एकेका मालकाला विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक पयला शब्द काय बोलतं?" बहुतेकांनी आपल्या मालाचं छापील नावच सांगितलं. एकाने विचारलं, "बाई, तुम्ही कुठला कोर्स केलात?"

"कोर्स हिने केलाय," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी फोन उचलते."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. बैठकीला आलेल्यांपैकी तिघांच्या वर्कशॉपचं काम आता आम्ही दोघी मिळून करतो. मंगळवारी दुपारी मी कुंभवलीला जाते, आणि यादी उघडायच्या आधी काकूंना विचारते की या आठवड्यात लोक काय म्हणाले.