पॅरलल फोन

माझी नोकरी वाचवायला मी घरातली एक गोष्ट बाहेरच्या माणसासमोर बोलले. त्याला बरीच वर्षं झाली, तरी अजून एखाद्या लग्नात कुणी नात्यातली बाई मला बाजूला घेऊन म्हणते, "तवा गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" काय बिघडलं असतं ते सांगते.

भोरात आमची दोन घरं एकाच अंगणाच्या दोन बाजूंना. पुढच्या घरात आम्ही, मागच्या घरात अब्बांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बडेअब्बा, आणि बडीअम्मी. बीएस्सी झाल्यावर मी पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिकले. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकिगत बोलून ठेवतो. ती हेडफोन लावून ऐकायची आणि रिपोर्ट टाईप करायचा. वर्षभर मी भोर-स्वारगेट एसटीनं ये-जा केली. मग अब्बांनी एसटी बंद केली. एसटी चालूच होती, माझी बंद केली. "घरी बसून होत असंल तर कर, न्हाईतर सोड," म्हणाले. कंपनी घरून काम द्यायला तयार झाली. अट एकच घातली, ब्रॉडबँड पाहिजे आणि तो मध्येच तुटता कामा नये.

तो तुटायचा. रोज तुटायचा.

काम असं होतं की सकाळी फाइल उघडायची आणि दुपारी एकच्या आत पूर्ण करून पाठवायची. तेवढा वेळ कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला हवा. लाइन तुटली की अर्धी टाईप केलेली फाइल माझ्या हातातून जायची आणि पुण्यातल्या दुसऱ्या कुणाला मिळायची. माझ्या नावापुढे लागायचा शेरा. टेलिफोन ऑफिसनं दिलेल्या मोडेमवर चार हिरवे दिवे होते. त्यातला दुसरा लुकलुकायला लागला की फाइल गेली समजायचं.

पहिल्यांदा मी मोडेमवर संशय घेतला. पुण्यात कॉम्प्युटरच्या सामानाच्या गल्लीत गेले. दुकानदारानं माझ्याकडे न बघता विचारलं, "घर केवढं आहे? किती भिंती?" मी म्हटलं, भिंतींचा काय संबंध, मी मोडेमला वायरनंच जोडलेली आहे. तो म्हणाला, "मॅडम, दोन अँटेनावाला मोडेम-राउटर घ्या, कधी तुटणार नाही." आता कळतं, वायरवर काम करणाऱ्या बाईला अँटेना विकणारा माणूस म्हणजे पोहता न येणाऱ्याला छत्री विकणारा. तेव्हा कळत नव्हतं. घेतला. दोन अँटेना ऐटीत उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला लाइन तुटली. मी तो परत घेऊन गेले. तो म्हणाला, तुमच्या भोरची लाइन खराब. टेलिफोन ऑफिस म्हणालं, तुमचा राउटर खराब. दोघांच्या मधे माझं भजं झालं. तिसरा राउटर आणला, तोही तसाच.

मग मी हट्टाला पेटले. एक वही केली. लाइन कधी गेली, कधी आली, बाहेर ऊन होतं का पाऊस, मिक्सर चालू होता का, सगळं लिहायला लागले. राउटरखाली दोन विटा ठेवून त्याला हवा दिली. अम्मीनं त्याच्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणलं होतं, ते काढून टाकलं, ती दोन दिवस रुसली. वहीतून एवढंच निघालं की दिवसातून पंधरा-वीस वेळा जाते, सकाळी जास्त, आणि शुक्रवारी साडेबारा ते दोनमध्ये एकदाही जात नाही. हे शुक्रवारचं काय, ते मला काही केल्या उमगेना. मी अशी कल्पना केली होती की शुक्रवारी एक्सचेंजवर भार कमी असेल. बीएस्सी झालेली बाई मी.

कंपनीतून फोन आला. सुपरवायझर बाई वाईट नव्हती. "अजून एक फाइल सुटली की मला तुमचा आयडी बंद करावा लागेल," एवढंच म्हणाली. आयडी बंद म्हणजे नोकरी बंद, आणि एसटी आधीच बंद. मला चुलीपुढे बसवायला टपलेले लोक कमी नव्हते, त्यांना आयतंच मिळालं असतं.

मी टेलिफोन ऑफिसच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "त्याच लाइनवर दुसरा फोन जोडलेला आहे का?" मी म्हटलं, नाही.

हे 'नाही' कुठून आलं ते सांगायला हवं. नव्वदच्या आसपास आमच्या घरी फोन आला तेव्हा बडेअब्बांनी स्वतःच्या हातानं त्याची वायर अंगणावरून ओढून मागच्या घरात दुसरा फोन बसवला होता. एका नंबरावर दोन घरं. याला सगळे पॅरलल म्हणायचे. ऑफिसची परवानगी बिरवानगी काही नव्हती. त्यामुळे टेलिफोनवाला कुणीही आला आणि काहीही विचारलं तरी उत्तर नाही, हे आम्हा पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. आठ वर्षांची असताना म्हणत होते, तेच चोवीस वर्षांची असताना म्हणाले. खोटं बोलतेय असंसुद्धा वाटलं नाही. तो फोन माझ्या लेखी आमच्या लाइनवर नव्हताच, तो बडेअब्बांचा होता.

माझ्या तक्रारीवरून टेलिफोन ऑफिसचा लाइनमन तिसऱ्यांदा आला तो सोमवार होता. पासली गावचा माणूस, वयानं अब्बांएवढा, अंगावर खाकी पिशवी. आधीच्या दोन्ही खेपांना त्यानं लाइन तपासली होती आणि ती सोन्यासारखी निघाली होती. त्या दिवशी माझ्यापुढे एकोणीस मिनिटांची फाइल उघडी होती, हृदयाच्या ऑपरेशनची, आणि घड्याळात बारा वाजले होते. लाइनमननं मीटर लावला. दिवा स्थिर. त्यानं वायर हलवली. दिवा स्थिर.

"ताई, लाइन चांगली हाय. तुमच्या यंत्रातच खोट आसंल," तो म्हणाला. मग अब्बांकडे वळून, "दुसरा फोन बिन न्हाई ना जोडलेला?"

"न्हाई न्हाई," अब्बा म्हणाले.

मी पाणी आणायला मागच्या दारी गेले. समोर बडीअम्मीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती खाली बसून तांदळाच्या डब्यात दोन्ही हात घालून काहीतरी खोल पुरत होती. डब्याच्या काठावरून लाल रंगाची गुंडाळीदार वायर लोंबत होती. फोनच तो. लाइनमन फाटकात दिसला की बडीअम्मी पिन काढायची आणि फोन तांदळात घालायची. पंधरा वर्षं घालत होती. आणि लाइनमनच्या तीन खेपांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, की लाइनमन घरात आहे तेवढाच वेळ आमची लाइन चांगली का असते.

शुक्रवारही तिथंच उलगडला. साडेबारा ते दोन बडेअब्बा नमाजाला मशिदीत असतात. एरवी सगळा दिवस ते गुडघे धरून पलंगावर बसलेले, आणि कापूरहोळला त्यांचं गॅरेज आता मुलगे चालवतात, त्यांना दर अर्ध्या तासानं फोन. त्या टेम्पोचा क्लच झाला का, तो जॅक कुठं ठेवला. ते रिसीव्हर उचलत, आणि इकडे माझी फाइल जात असे.

मला राग आला. बडीअम्मीचा नाही, बडेअब्बांचाही नाही. माझ्या स्वतःच्या तोंडच्या त्या 'नाही'चा आला. तीन राउटर, दोन विटा, एक भरलेली वही आणि माझ्या नावापुढचे सगळे शेरे त्या एका शब्दावर उभे होते. मी पाणी न घेताच आत आले.

"आहे," मी म्हटलं. "दुसरा फोन आहे. मागच्या घरात, तांदळाच्या डब्यात."

अब्बांचा चेहरा मी विसरणार नाही. लाइनमननं मान खाली घातली. "ठावं हाय ताई," तो हळूच म्हणाला. "वायर दिसतीया की अंगणावरनं. म्हनलं काढला आसंल फोन. मोठ्या मानसाला कसं इचारायचं?"

म्हणजे ऑफिसपासून लपवायचं ते ऑफिसला ठाऊक होतं, आणि फक्त माझी नोकरी त्यात चालली होती. मी त्याला म्हटलं, चला. अब्बा म्हणाले, "थांब." मी थांबले नाही. लाइनमनला घेऊन अंगण ओलांडलं आणि बडेअब्बांसमोर उभं केलं. बडीअम्मीला म्हटलं, फोन काढा. तिनं काढला, पदरानं पुसला, डायलातून चार तांदूळ खाली पडले. 

इलाज काय होता? पिशवीतून लाइनमननं आगपेटीएवढी पांढरी डबी काढली, तिला फिल्टर म्हणतात, आणि ती फोनच्या वायरीला लावली. फोनचा आवाज आणि इंटरनेट वेगळे ठेवते ती; पुढच्या घरच्या फोनला मोडेमबरोबरच बसवलेली होती. मी पळत जाऊन दिव्याकडे बघितलं. तिकडे रिसीव्हर उचलला, ठेवला, परत उचलला. दिवा हलला नाही. दोन मिनिटांचं काम. लाइनमन चहासुद्धा न घेता गेला.

मी फाइलला बसले. साडेबारा झाले होते. तेवढ्यात अंगणात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बडेअब्बा खुर्चीवर चढत होते, त्या गुडघ्यांनी, हातात पक्कड. त्यांची ती वायर तोडणार होते, ते मला लगेच कळलं. पकडीनं दोन तारा एकत्र दाबल्या की आमची लाइन पडणार, हेही कळलं. मी दारात आले.

"ही फाइल जाईपर्यंत वायरला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

त्या घरात त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं. अब्बांनी माझ्या दंडाला धरलं. मी सोडवून घेतला आणि परत बसले. हेडफोन लावला, डॉक्टर टाके घालत होता. खिडकीतून मला दिसत होतं, बडेअब्बा पक्कड घेऊन खुर्चीवर बसले होते, उन्हात. सतरा मिनिटं बसले. फाइल एकला दहा कमी असताना गेली.

"गेली का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"गेली."

ते उठले आणि त्यांनी वायर तोडली. मी म्हटलं, आता दोन्ही चालतंय, तोडायची गरज नाही. ते अब्बांना म्हणाले, "चोरीचा फोन हाय म्हून तिनं दाखवला. आता मला नगं. पोरीला नोकरी करू दे. पन माझ्याशी बोलायला सांगू नगंस."

संध्याकाळी अम्मी म्हणाली, जा, माफी माग. अब्बा म्हणाले, माग. मी मागितली नाही. ज्यांनी मला घरी बसून कमव म्हणून सांगितलं त्यांनीच घरी बसून कमावणं अशक्य केलं होतं, आणि माफी मात्र मी मागायची. खरं बोलल्याची माफी मागायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी मागितली नसती.

नोकरी राहिली. गॅरेजचे फोन आता आमच्या घरी यायचे आणि बडेअब्बांना बोलवायला मीच जायची. उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, तुमचा फोन. ते यायचे, माझ्या टेबलाशेजारी उभे राहून बोलायचे, रिसीव्हर ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता जायचे. असे आठ महिने गेले. दोघंही एकाच रक्ताचे, कोण वाकणार?

एक दिवस फोन ठेवल्यावर ते गेले नाहीत. मागे उभे राहिले. बराच वेळ माझी बोटं बघत होते. मग म्हणाले, "काय बोलतो गं तो एवढं?"

मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. अमेरिकेतला कुणी डॉक्टर नाकातून, भरभर, एका दमात बोलत होता.

"एक शब्द कळत न्हाई," बडेअब्बा म्हणाले.

"मला कळतात," मी म्हटलं, आणि हेडफोन परत घेतला. फाइल अर्धी राहिली होती.