एकच माठ पुरे
"पॉट!" मी ओरडलो आणि पाचवीचा वर्ग दाराजवळच्या पाण्याच्या माठाकडे धावला. सखू सगळ्यांच्या पुढे होती. पण माठापासून हातभर अंतरावर ती थांबली. मागून आलेल्या पोरांनी माठाला हात लावून गुण पटकावला.

खेळ माझाच. मी इंग्रजी शब्द ओरडायचा, मुलांनी धावत जाऊन ती वस्तू शिवायची. डोअर, वॉल, ट्री. चामोर्शीजवळच्या त्या खेड्यात पन्नासच्या दशकात इंग्रजी कानावर पडण्याची दुसरी सोयच नव्हती.

"सखू, शब्द विसरलीस?"

"येते जी मले. पन तो माठ आमाले शिवता येत नाई."

सखूचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. तिला पाणी दुसरी पोरं वरून ओंजळीत ओतायची. हे मी रोज बघत होतो, आणि तरी 'पॉट' ओरडलो. मला माझीच लाज वाटली.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी गाठलं. "मास्तर, परवा साहेब तपासणीले येऊन राह्यले. तो माठाचा शब्द काढून टाका. काऊन नसती भानगड?"

माझी नोकरी कच्ची होती. तपासणीनंतर साहेब वहीत जो शेरा लिहितील, त्यावर ती टिकणार किंवा जाणार. मी मान डोलावली. पण दोन रात्री धड झोप नाही. बायको विचारी, काय झालं? तिसऱ्या दिवशी सकाळी घरातला माठ उचलला आणि भरून वर्गात टेबलाशी ठेवला.

साहेब धुळीनं माखून बैलगाडीतून उतरले. खेळ सुरू झाला. डोअर झालं, वॉल झालं.

"पॉट!"

पोरं जुन्या माठाकडे पळाली. सखू जागीच थबकून माझ्याकडे बघू लागली.

"हा माझ्या घरचा आहे. शिव."

तिनं माठ दोन्ही हातांनी धरला.

"शाबास!" साहेब म्हणाले. "पोरी, त्यातलंच पाणी दे बघू."

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. सखूनं पेला बुडवला. साहेब घटाघटा प्यायले. हेडमास्तर परत बसले. कायद्यानं बंद झालेली शिवाशिव साहेबांना सांगायची कोणत्या तोंडानं?

शेरा असा होता: 'खेळातून इंग्रजी शिकवण्याची पद्धत उत्तम. शिक्षकास कायम करावे. वर्गात दोन माठ ठेवून जागा अडवू नये. एकच पुरे.'

हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. "आता कोनता ठेवाचा?"

"साहेब ज्यातलं प्यायले तो."

चार पोरं घरून पाण्याचा तांब्या आणू लागली. एकाला तर बापानं महिनाभर शाळेतच धाडलं नाही. मग ऊन तापलं, आणि पोरं तांब्या घरी विसरायला लागली.

वरून आलेला शेरा अक्षरशः पाळावा, हे मी तिथं शिकलो. 'पॉट'चा गुण मात्र त्यानंतर सखूनं दुसऱ्या कुणालाच मिळू दिला नाही.