दादाची शॅडोची अक्षरं

माझ्या भावाचा ब्रश मी मोडला. हातानं न्हाय, तोंडानं.

आज सकाळी दादा गेला.

शाळा माझी दुसरीपर्यंत, चुकलं तर हसू नका. हे फेसबुक नातीनं शिकवलं. नात पुण्यात भिंती रंगवती. फसाफसा स्प्रे मारती, कागद कापून छाप उठवती, फुगलेली अक्षरं काढती. फोटो बघून मला लई आनंद होतो. तिला म्हणते, बाई गं, हे सगळं आमच्या दादानं शिंदीच्या फोकानं केलतं!

व्हय. फोक ठेचला की ब्रश. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचा छाप. निळीत बुडवलेली सुतळी ताणून टणकन सोडली की सरळ रेघ. दुसरं टोक माझ्या हातात.

खताच्या, बियाण्याच्या, सोसायटीच्या जाहिराती. मुरूम गावाच्या रस्त्यावरच्या सगळ्या भिंती दादाच्या.

आणि शॅडो! अक्षराच्या उजव्या अंगाला काळी कड. अक्षर भिंतीतून बाहेर आल्यागत दिसायचं. आमच्याकडं ते फक्त दादाला यायचं.

बहात्तरचा दुष्काळ. गावासाठी आलेला टँकर सोसायटीच्या चेअरमनच्या विहिरीत रिकामा व्हायचा.

एका दुपारी, सगळं गाव खडी फोडायला गेलेलं असताना, दादानं सोसायटीच्या भिंतीवर लिवलं:

टँकर गावाचा, विहीर चेअरमनची.

चोरून लिवायचं तर वाकडंतिकडं लिवावं ना? पण हात ऐकंना त्याचा. शॅडो दिली.

त्या दिवशी कामावरनं मी सगळ्यांच्या आधी आले. भिंतीपुढं चेअरमन एकटाच उभा. गोड आवाजात म्हणाला, "काय सुरेख लिवलंय गं पोरी. कुणी?"

मला कुठं धड वाचता येत होतं? मी नुसती शॅडो बघितली अन् फुगले.

"आमच्या दादानं! दुसऱ्या कुणाला जमतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी चेअरमननं गावादेखत दादाच्याच हातानं त्यावर चुना मारून घेतला. आसपासच्या गावांत सांगितलं, ह्याला भिंत द्यायची न्हाय.

दादा कारखान्यावर पोती उचलायला गेला. पुन्हा ब्रश धरला न्हाय. माझ्या लग्नात दारावर गणपती काढ म्हणले, तर म्हणाला, "विसरलो गं."

त्याला वाटायचं, माधवनं सांगितलं. माधव त्याचा जिवाचा दोस्त, काळा रंग त्यानंच दिलेला. "शॅडोवरनं नुसता संशय आला असता. खात्रीनं त्याच्याबिगर कुणाला ठावं होतं?" म्हणायचा. माधवअण्णा शपथा घेऊन थकले. पन्नास वर्सं एका गल्लीत राहिले, बोलणं न्हाय.

दर दिवाळीला सांगीन म्हणून माहेरी जायचे. चहा प्यायचे, परत यायचे.

आज मयतीला माधवअण्णा आले. लांबच थांबले. खांदा द्यायला पुढं झाले न्हाईत. कुणी बोलावलंबी न्हाय.

मीबी न्हाय.

दादा, ते माधवअण्णा न्हवते. मी होते.

हे आता सगळे वाचतील, एक तू सोडून.

जा दादा. धाकटीचा शेवटचा नमस्कार घे.