ओझेलचा डाकोटातला उन्हाळा

ओझेल टार्पली माझ्या धाकट्या बहिणीचा, लुवीनियाचा नवरा. बर्मिंगहॅमच्या आमच्या काळ्यांच्या बेसबॉल संघात तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि मी तो झेलणारा त्याचा कॅचर. त्याचा डावखुरा चेंडू असा यायचा की दिवसभर झेलून संध्याकाळी मला चमचा धड धरता येत नसे.

तिसाच्या दशकातल्या मंदीत आमचा संघ बुडाला. तेवढ्यात उत्तर डाकोटातल्या एका गावाच्या गोऱ्या संघानं ओझेलला बोलावलं.

"तिथं तुला डोक्यावर घेतील बघ," मी म्हणालो.

"मेव्हण्या, आधी झोपायला कुठं देतात ते बघू."

झोपायला कुणीच जागा दिली नाही. मैदानावर सारं गाव त्याच्या नावानं ओरडे, पण खोली मागितली की दार लागे. शेवटी संघाच्या मालकानं रुळांपलीकडचा एक मोडका मालडबा दिला. लुवीनिया तिथं राहायला गेली, जमीन घासली, दाराला पडदा लावला. ओझेल सामन्यांसाठी गावोगाव फिरे. ती गवताकडे बघत बसे. एका रविवारी ती तिथल्या चर्चमध्ये गेली. ती बसली तो बाक रिकामा झाला. कुणी शब्द काढला नाही, नुसते उठून पुढं जाऊन बसले.

"मी घरी जाते," ती ओझेलला म्हणाली.

"हंगाम तरी संपू दे, लुवी."

"तुला निदान टाळ्या मिळतात. माझ्याशी कालपासून कोण बोललंय? तूसुद्धा नाहीस."

तिला गाडीत बसवून तो त्याच दुपारी खेळला. एकाही बॅटरला त्यानं पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही; असा सामना पिचरला जन्मात एकदा साधला तर साधतो. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं आणि मग आपापल्या घरी जेवायला गेले.

"कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, मेव्हण्या," पुष्कळ वर्षांनी तो मला म्हणाला. "डब्यात येऊन मोठ्यानं बोललो. स्वतःच्याच आवाजानं दचकलो."

तो परतला तोवर लुवीनिया शिकागोला मावशीकडे गेली होती. तो आणायला गेला, पण ती आली नाही. "तू वाईट नाहीस," ती म्हणाली, "पण तुझी वाट बघण्यात जन्म जाईल माझा."

मग तो लोखंडी नळांच्या कारखान्यात लागला. मोठ्या गोऱ्या संघांची दारं काळ्यांना उघडली तेव्हा त्याचा खांदा गेला होता. त्यांचे सामने ऐकायला आम्ही रेडिओभोवती जमायचो. तो दाराशीच उभा राही आणि खेळ संपायच्या आत निघून जाई.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. मी शिकागोला फोन केला. लुवीनियानं एवढंच विचारलं,

"शेवटी जवळ कुणी होतं का रे, दादा?"

"मी होतो," मी म्हणालो.