डोंगराची चुकीची सोंड

तंजावूरला मी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तेवढ्या वर्षांत एकही डोंगर चढले नाही. आमच्याकडे चढायला आहे काय? तिरुवैयारुपासून पापनाशमपर्यंत भाताची शेतं, सगळं सपाट. वर्गात डोंगर समजावून सांगताना मी डावी मूठ वळायची आणि तिच्यावर पेनाने रेषा काढायची. बोटांची वरची हाडं म्हणजे धार, खाली उतरणारी बोटं म्हणजे सोंडा. घरी आल्यावर आई म्हणायची, "आज पण हात रंगवून आलीस?"

आई गेली, आणि तीन महिन्यांनी मुलाने मला स्कॉटलंडला बोलावून घेतलं. तिथे हायलँड्स या डोंगराळ भागातल्या एका गावात तो इस्पितळात काम करतो. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आता तीन-चारच उरलीत. माझ्या घरात तर आई एकटीच माझ्याशी मराठीत बोलायची. मुलाला सगळं कळतं, पण उत्तर तो तमिळमध्येच देतो.

तो सकाळी सातला जायचा तो संध्याकाळी उशिरा यायचा. मी स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, खिडकीतून समोरचा लांबलचक डोंगर बघत बसायचे. दहाव्या दिवशी त्याला म्हटलं, "उद्या मी त्या डोंगरावर जाऊन येते."

"एकटी कशाला, अम्मा? रविवारी मी येतो बरोबर."

"रविवारी तू दुपारपर्यंत झोपतोस."

सकाळी टेबलावर नकाशा, शिट्टी आणि त्याचं पावसाळी जॅकेट काढून ठेवलेलं होतं.

पहिल्या बसने मी खिंडीत उतरले. बस निघून गेली आणि एकदम शांत झालं. चढ दोन तासांचा होता. दर पन्नास पावलांवर थांबत मी अडीच तासांत वर पोचले. पुढे ती धार, वर्गात मी हजारदा काढलेली, खरोखरची: दोन्हीकडे जमीन खाली गेलेली आणि मधून माणूसभर रुंदीची वाट. मला वाटलं होतं, आनंदाने उडीच मारेन. तसं काही झालं नाही. हे कोणाला दाखवू, एवढंच मनात आलं. फोनला रेंज नव्हती. एका दगडाच्या आडोशाला बसून दहीभात खाल्ला. वाऱ्याने शितं उडत होती.

दुपारी समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. दिवसभरात भेटलेलं तेवढं एकच माणूस. "एकट्याच?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"मीही," ते म्हणाले. "धुकं येतंय. दगडांच्या राशी सोडू नका." आणि गेले. त्यांना आणखी काहीतरी विचारून थांबवावं असं वाटलं, पण सुचलं नाही.

धुकं पंधरा मिनिटांत आलं. वाटेवर खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी एकेक करत दिसेनाशा झाल्या. वाट पायाखाली होती, म्हणून मी चालत राहिले. ती खाली उतरायला लागली तेव्हा बरंच वाटलं, म्हटलं आता रस्ता आलाच. अर्धा तास उतरल्यावर पाण्याचा आवाज आला, डावीकडून. नकाशात ओढा उजवीकडे होता. पुढे दोन पावलांवर जमीन संपत होती. त्याखाली नुसतं पांढरं.

मी मटकन खाली बसले. "कोणी आहे काय हो?" मी ओरडले. इथे मराठीत ओरडून काय उपयोग, हे ओरडल्यावर लक्षात आलं. मग शिट्टी वाजवली. तिलाही कोणी उत्तर दिलं नाही. इथे पाय घसरला तर मुलाला कोण, किती दिवसांनी कळवेल, हा विचार आला आणि मला रडू फुटलं. आई गेली तेव्हा माणसांची वर्दळ होती, सगळ्यांचा चहा मला बघायचा होता, त्यामुळे तेव्हा रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं तिथे रडून घेतलं. बघायला कोणी नव्हतं.

डोळे पुसून मी हातमोजा काढला आणि मूठ वळली. मी धार सोडून एका बोटावरून खाली आले होते. दर वर्षी निम्मा वर्ग परीक्षेत हीच चूक करायचा आणि मी गुण कापायचे. म्हणजे आता परत वर, हाडापर्यंत. दुसरा उपाय नाही. मी मोठ्याने बोलत चढले, "हां, अजून थोडं, बाई, अजून थोडं." तासाभराने धुक्यात दगडांची रास दिसली. तिला हात लावून मी किती तरी वेळ उभी राहिले.

खाली पोचले तोवर शेवटची बस निघून गेली होती. थांब्याजवळ मुलाची गाडी उभी होती. तो इस्पितळाच्याच कपड्यांत धावत आला.

"इतका उशीर? भ्यालीस का?"

"छे. सावकाश आले."

गाडीत रस्त्यावरची नजर न हलवता तो तमिळमध्ये म्हणाला, "पहिल्या वर्षी मी पण तिथे चुकलो होतो. धुक्यात. पहाट होईपर्यंत बसून राहिलो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं?"

त्या वर्षी तो दर रविवारी फोन करायचा. जेवण बरं आहे, थंडी फार नाही, माणसं चांगली आहेत, असं सांगायचा, आणि मी ते गल्लीभर सांगत फिरायचे. मी म्हटलं, "मी पण चुकले होते."

"माहितीये," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत चिखल आहे."